नागरिकांच्या सूचनांचे अंदाजपत्रक : तीन अर्जांनंतरचा अभिप्राय

दरवर्षी गणपतीच्या आगेमागे आमच्या क्षेत्रीय कार्यालयाच्या नागरी सुविधा केंद्रात एक पानी अर्ज मिळू लागतो. पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात आपल्या भागातील कोणते काम घ्यावे, हे नागरिकांनी त्यावर लिहून द्यायचे असते. मी हा अर्ज सलग तीन वर्षे भरला आहे. इतर सेवांबद्दल लोक जसा अभिप्राय लिहितात तसाच या सेवेबद्दलही लिहिला पाहिजे, असे मला वाटते, कारण हिचे शुल्क आपण घरपट्टीतून आधीच भरलेले असते. शहराचे आणि कार्यालयाचे नाव येथे लिहीत नाही. जे दोष मला दिसले ते पद्धतीचे आहेत, खिडकीपलीकडे बसलेल्या माणसांचे फारसे नाहीत.

या पद्धतीचा आपल्याकडचा जुना नमुना पुण्याचा. पुणे महापालिकेने २००६-०७ मध्ये नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले आणि नंतर इतर शहरांनीही आपापल्या परीने ते उचलले. पदपथ, पथदिवे, बाक, बसथांब्याचे छप्पर, स्वच्छतागृह अशी स्थानिक स्वरूपाची कामे सुचवायची, एका कामाचा खर्च पाच लाख रुपयांच्या आत ठेवायचा, क्षेत्रीय कार्यालयाने ती कामे तपासायची आणि योग्य वाटतील ती अंदाजपत्रकात धरायची, असा त्याचा साधारण ढाचा आहे. आयुक्तांना आपले अंदाजपत्रक जानेवारीच्या मध्यापर्यंत स्थायी समितीपुढे ठेवायचे असते, म्हणून सूचना पावसाळा सरता सरता मागवल्या जातात. आमच्या शहराने हाच ढाचा घेतला आहे, पाच लाखांच्या मर्यादेसकट.

ही मर्यादा किती लहान आहे, याचा हिशेब एकदा करून पाहावा. पुणे महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटी रुपयांचे होते. पाच लाख म्हणजे त्याचा साधारण अडीच लाखांवा भाग. उड्डाणपूल हवा की बस हव्यात, नदीकाठ सुशोभित करायचा की सांडपाणी आधी शुद्ध करायचे, हे प्रश्न या अर्जाच्या चौकटीत बसतच नाहीत. जे बसते ते मुळात देखभालीच्या नेहमीच्या पैशातून, कोणी न सुचवताही व्हायला हवे होते. तरीही केवळ रक्कम लहान आहे म्हणून मी या सेवेला नापास करणार नाही, कारण ज्या आजीला दवाखान्याची पायरी चढता येत नाही तिला उड्डाणपुलापेक्षा कठड्याचा उपयोग जास्त असतो.

माझे पहिले काम हेच होते. आमच्या भागातल्या महापालिकेच्या दवाखान्यासमोरचा पदपथ रस्त्यापासून जवळजवळ फूटभर उंच आहे, आणि रक्तदाब तपासायला येणारी म्हातारी माणसे रिक्षावाल्याच्या हाताला धरून वर चढतात. तेथे उतार आणि एका बाजूला कठडा करावा, असे मी लिहिले. अर्जात ‘अंदाजे खर्च’ असा एक रकाना आहे. सामान्य माणसाला तो खर्च कसा कळावा, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. खिडकीवरच्या मुलीने आवाज खाली करून सल्ला दिला, “काका, पाचच्या आत काहीही लिहा, नाहीतर पहिल्याच चाळणीत बाद होईल.” मी साडेतीन लाख लिहिले. पोच म्हणून अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मिळाला, मात्र नोंदणी क्रमांक मिळाला नाही.

यानंतर जे घडले तो या सेवेतला सर्वांत चांगला भाग. दिवाळीनंतर एका सकाळी कनिष्ठ अभियंत्यांचा फोन आला की जागा दाखवायला या. पंचविशीतला तो मुलगा टेप घेऊन आला होता, बरोबर कोणी मदतनीस नव्हता, म्हणून टेपचे एक टोक त्याने माझ्या हातात दिले. आम्ही दोघांनी पदपथाची उंची, रुंदी आणि दारापर्यंतचे अंतर मोजले. एवढ्या उंचीसाठी सौम्य उतार द्यायचा तर बारा फूट लांबी लागेल आणि जागा नऊच फूट आहे, तेव्हा उतार काटकोनात वळवावा लागेल, हे त्याने तेथेच वहीत रेखाटून दाखवले. कर भरायला लागल्यापासूनच्या तीस-पस्तीस वर्षांत महापालिकेचा पैसा कसा खर्च होतो हे मला समजावून सांगणारा तो पहिला माणूस. टेपचे टोक धरून उभे राहण्यात जो सहभाग मला जाणवला, तो नंतर कोणत्याही टप्प्यावर जाणवला नाही.

पुढच्या वर्षी अंदाजपत्रक छापून आले. संकेतस्थळावरच्या पीडीएफमध्ये आमच्या प्रभागाची यादी शोधून काढली, तेव्हा माझ्या कामाच्या जागी ‘प्रभागातील विविध ठिकाणी पदपथ दुरुस्ती करणे’ अशी एक ओळ होती. दवाखाना नाही, उतार नाही, कठडाही नाही. जे कधी ठेकेदारी किंवा हिशेबाच्या कामात राहिले आहेत त्यांना लगेच कळेल की कामाचे नाव बदलले म्हणजे काम बदलले. टेंडर नावावर निघते, मोजमाप पुस्तिकेत नोंद नावावर होते आणि बिलही त्याच नावावर पास होते. ‘विविध ठिकाणी’ या दोन शब्दांत दवाखान्यासमोरचे नऊ फूट विरघळून गेले. एप्रिलमध्ये दोन गल्ल्या पलीकडे चांगले असलेले पेव्हर ब्लॉक उखडून नवे बसवले गेले आणि कागदोपत्री नागरिकांची सूचना अमलात आली. कोणी खोटे बोलले असे मी म्हणणार नाही. दहा-बारा अर्ज एका ओळीत बसवले की टेंडर एकच काढावे लागते, ही कार्यालयाची सोय त्यामागे असावी.

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो होतो. कामाच्या नावातच दवाखान्याचे नाव, मुख्य दरवाजा, उतार आणि कठडा असे सगळे एका वाक्यात लिहिले आणि वहीतल्या त्या रेखाटनाची प्रत जोडली. या वेळी ओळ जशीच्या तशी छापून आली आणि मे महिन्यात उतार झालाही. काँक्रीट चांगले आहे, पृष्ठभाग खरखरीत ठेवल्यामुळे पावसात पाय घसरत नाही, कठड्याचा नळ हाताला बसेल इतक्या जाडीचा आहे. फक्त उतार जेथे संपतो तेथे बरोबर समोर वीजकंपनीची डीपी, म्हणजे वीज वितरणाची पेटी, उभी आहे. काठी घेतलेला माणूस अंग चोरून तिच्या बाजूने जातो, पण चाकाची खुर्ची तेथे अडते आणि उलटी खाली न्यावी लागते. तोपर्यंत मोजमाप घेणाऱ्या त्या अभियंत्याची बदली झाली होती आणि नव्या माणसाला उतार काटकोनात का वळवायचा होता हे कोणी सांगितले नव्हते.

तिसऱ्या वर्षी ती डीपी चार फूट सरकवावी, अशी सूचना दिली. काही कळले नाही, यादीतही नाव आले नाही. शेवटी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात विचारले, तेव्हा उत्तर आले, “सदर काम मनपाच्या अखत्यारीत येत नाही.” हे एक वाक्य मला पाच महिने आधी एसएमएसने कळवले असते तर मी तोच अर्ज वीजकंपनीकडे नेला असता. सूचना नाकारली याचे मला वाईट वाटले नाही, पण नकारही मागून घ्यावा लागला, याबद्दल मी गुण कापतो.

यादीत नाव येणे हाही शेवट नसतो, हे नव्या अर्जदारांनी लक्षात ठेवावे. वर्षाच्या मध्ये एका कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळवण्याला महापालिकेच्या भाषेत वर्गीकरण म्हणतात, आणि ज्याचा पाठपुरावा करणारा कोणी नसतो ते काम त्यात आधी जाते. पुण्यात नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांची ‘स’ यादी असते. त्या यादीतल्या प्रत्येक कामामागे कार्यालयात येऊन विचारणारा एक माणूस असतो. नागरिकांच्या यादीतल्या कामामागे असतो एक शिक्का मारलेला झेरॉक्स. राज्यातल्या मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे तेथे प्रशासक होते. त्या काळात सामान्य माणसाला खर्चाबद्दल रीतसर काही म्हणायला हा अर्जच काय तो उरला होता, हे पाहता त्याची एवढी दुबळी रचना अधिकच खटकते.

तुलनेसाठी दूर जायची गरज नाही. माझे चुलते गावी राहतात. त्यांच्या ग्रामपंचायतीला आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, आणि सभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी गणपूर्ती लागते. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित (ठरवून दिलेल्या कामांसाठीचाच) किती, अबंधित किती, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्या सभेत भावकीची भांडणे होतात, कधी कधी इतिवृत्त आधीच लिहून ठेवलेले असते, हे सगळे मान्य. पण मागच्या वर्षीच्या नळयोजनेचे पैसे कुठे गेले, असे उभे राहून मोठ्याने विचारायची सोय त्यांना कायद्याने आहे. शहरासाठी तशीच क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये महापालिकांच्या कायद्यात घातली गेली. माझ्या प्रभागात अशी सभा भरलेली मी एकदाही पाहिलेली नाही. म्हणजे घरपट्टीची सर्वांत मोठी बिले भरणाऱ्या माणसाला खिडकीवरचा अर्ज, आणि गावातल्या माणसाला सभा.

ज्या ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात ही कल्पना १९८९ मध्ये रुजली, तेथे सुरुवात वस्त्यावस्त्यांच्या सभांपासूनच झाली होती. लोक तेथे एकमेकांसमोर बसून कोणते काम आधी हे ठरवत. पॅरिसने २०१४ पासून गुंतवणुकीच्या खर्चाचा एक हिस्सा नागरिकांच्या मतदानावर सोडला, आणि तेथे मत द्यायला नागरिकत्वाचीही अट नाही. आपल्याकडे अर्ज घेतला, पण त्या अर्जांतून निवड करायची वेळ आली की दार बंद होते. माझ्या उताराची आणि शेजारच्या सोसायटीने मागितलेल्या सजावटीच्या दिव्यांची तुलना कोणी, कोणत्या निकषावर केली, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नाही. आम्हाला एका खोलीत बसवले असते तर दिवे मागणाऱ्यांनीच उतार आधी घ्या असे म्हटले असते, असा माझा अंदाज आहे. त्यांच्यातलेही काही जण त्याच दवाखान्यात जातात.

पाचपैकी अडीच गुण देतो. त्यांतला दीड गुण त्या टेपवाल्या मुलाचा आहे आणि एक प्रत्यक्ष झालेल्या उताराचा. अर्जाला क्रमांक, नाकारल्यास कारणाचे एक वाक्य आणि छापताना कामाच्या नावात बदल न करणे, एवढे केले तरी मी आनंदाने साडेतीन देईन. यासाठी वेगळा निधीही लागत नाही.

या वर्षीचा अर्ज गेल्या सोमवारी दिला. डीपीची जागा बदलत नाही म्हटल्यावर उताराची दिशा बदलावी, असे लिहिले आहे. जवळच्या पथदिव्याच्या खांबाचा क्रमांक कामाच्या नावातच घातला आहे, आणि त्या नऊ फुटांचा फोटो अर्जाच्या मागे स्टेपल केला आहे. खिडकीवर आता दुसरी मुलगी होती. ‘अंदाजे खर्च’चा रकाना मी रिकामाच ठेवला होता. तिने तो पाहिला, पेन पुढे केले आणि म्हणाली, “पाचच्या आत काहीतरी लिहा ना काका.”