आयजीएमपी व्ही२ की व्ही३? आयपीटीव्ही बसवण्याआधी

हॉटेल, हॉस्टेल किंवा मोठ्या सोसायटीत आयपीटीव्ही, म्हणजे नेटवर्कवरून चालणारा टीव्ही, बसवायचं ठरलं की हा प्रश्न येतोच. आयजीएमपी म्हणजे कोणता चॅनल हवा ते बॉक्सने नेटवर्कला सांगायची पद्धत; व्ही२ आणि व्ही३ या तिच्या आवृत्त्या. दोन्हींचं मूळ काम एकच. क्वेरिअर, म्हणजे बहुतेक वेळा राउटर, साधारण १२५ सेकंदांनी विचारतो, "कोणाला कोणता ग्रुप हवाय?" (ग्रुप म्हणजे एका चॅनलचा सामायिक पत्ता.) सेट-टॉप बॉक्स दहा सेकंदांच्या आत उत्तर देतात. मधला स्विच ही उत्तरं ऐकून कुठल्या पोर्टवर कुठला चॅनल सोडायचा ते ठरवतो. त्यालाच स्नूपिंग म्हणतात.

व्ही२ १९९७ चं, आरएफसी (इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज) २२३६. आधीच्या आवृत्तीत ग्रुप सोडताना सांगायची सोयच नव्हती, ती इथे आली. पण यात एका बॉक्सने उत्तर दिलेलं दुसऱ्याच्या कानावर पडलं तर तो गप्प बसतो. त्यामुळे "कोणीतरी पाहतंय" एवढंच राउटरला कळतं, कोण ते नाही. म्हणून कोणी चॅनल सोडला की तो सेकंदाच्या अंतराने दोनदा विचारून खात्री करतो आणि मगच प्रवाह थांबवतो. तेवढे दोन सेकंद जुना आणि नवा, दोन्ही चॅनल एकाच तारेतून येतात. समजा एक चॅनल ८ एमबीपीएसचा आहे. खोलीपर्यंत १०० एमबीपीएसची केबल असेल तर काहीच जाणवणार नाही. २० एमबीपीएसच्या लाइनवर मात्र रिमोट भराभर दाबला की चित्र फाटतं.

व्ही३ २००२ चं, आरएफसी ३३७६. इथे प्रत्येक जण स्वतःचं उत्तर स्वतः देतो, २२४.०.०.२२ या पत्त्यावर. राउटरमध्ये सोय असेल तर तो एकेका बॉक्सची नोंद ठेवतो आणि शेवटचा गेला की प्रवाह लगेच तोडतो. पण माझ्या मते व्ही३ घेण्याचं खरं कारण वेगळं आहे: "हा ग्रुप हवा, पण अमुक स्रोताकडूनच" (स्रोत म्हणजे चॅनल पाठवणारं यंत्र) असं त्यात सांगता येतं.

याची किंमत मला एका कामात कळली. दुरुस्तीहून आलेला एन्कोडर, म्हणजे चॅनल नेटवर्कवर सोडणारं यंत्र, कोणीतरी रॅकमध्ये लावला. तो जुन्या सेटिंगप्रमाणे २३९.१.१.१० वर बोलू लागला. त्याच पत्त्यावर नवा एन्कोडर आधीपासून चालू होता. प्रत्येक टीव्हीवर हिरवे-गुलाबी चौकोन आणि तुटका आवाज. आम्ही केबल तपासत बसलो, स्विच रीस्टार्ट केले, आणि दोष सापडेपर्यंत दुपार उलटली. बॉक्सने स्रोताचं नाव धरून मागणी केली असती आणि राउटरने ती पाळली असती, तर तो दुसरा एन्कोडर कोणाच्या टीव्हीपर्यंत पोचलाच नसता.

मग सरळ व्ही३ का नको? जुन्या बॉक्सेसमुळे. एखाद्या ग्रुपमध्ये व्ही२ बोलणारा एक जरी बॉक्स शिरला तरी राउटर त्या ग्रुपपुरता व्ही२ च्या नियमांवर येतो आणि स्रोताची निवड गळून पडते. फक्त स्रोतनिहाय मल्टिकास्टसाठी (एकच प्रवाह अनेकांना, पण ठरावीक स्रोताकडूनच) राखलेल्या २३२.०.०.०/८ या पत्त्यांमध्ये चॅनल ठेवले तर उलटं होतं: राउटर व्ही२ ची मागणी मोजतच नाही, बॉक्सवर काळा पडदा. काही राउटर अशा बॉक्सच्या वतीने स्रोत स्वतः भरतात. ती सोय आहे का ते खरेदीआधी विचारा. स्विचही तपासा. काही स्वस्त स्विचना व्ही३ ची उत्तरं कळतच नाहीत.

बॉक्स नवे, स्विच व्ही३ जाणणारे आणि स्रोत एकाहून जास्त असतील तर मी डोळे झाकून व्ही३ घेईन. जुने-नवे मिसळलेले असतील, स्रोत एकच आणि केबल मोकळी असेल तर व्ही२ चालतं, त्यात कमीपणा नाही. आजचं लिनक्स किंवा विंडोज मुळात व्ही३ बोलतं, पण व्ही२ मधला प्रश्न ऐकला की खाली उतरतं. म्हणून निर्णय प्रत्यक्षात क्वेरिअरच्या सेटिंगमध्ये घ्यायचा असतो.

आणि क्वेरिअर नसेलच तर? राउटरविना नुसत्या स्विचवर उभ्या केलेल्या नेटवर्कात हे हमखास होतं. चॅनल लावला की चित्र येतं, कारण बॉक्स आपणहून एकदा मागणी पाठवतो. पुढे कोणी विचारत नाही, म्हणून कोणी सांगत नाही. मूळ सेटिंगमध्ये मुदत २६० सेकंदांची असते. ती संपली की स्विच नोंद पुसतो आणि चित्र गोठतं. चॅनल बदलला की पुन्हा येतं, म्हणून सगळे बॉक्सलाच दोष देतात. कोअर, म्हणजे मधल्या मुख्य, स्विचवर स्नूपिंग क्वेरिअर चालू करा, त्याला आयपी पत्ता द्या. मग ताबा घेण्याआधी एक टीव्ही लावा आणि रिमोटला हात न लावता पाच मिनिटं समोर बसा.