एनव्हीडीए आणि अ‍ॅक्स: मराठी संकेतस्थळे तपासतानाचा अनुभव

फोंड्यात आम्ही पतसंस्था, देवस्थाने आणि होमस्टे यांची संकेतस्थळे तयार करतो व सांभाळतो. गेल्या पावसाळ्यापासून प्रत्येक पान अंध व इतर दिव्यांग व्यक्तींनाही वापरता येते का, हे दोन साधनांनी तपासूनच ते प्रसिद्ध करायचे, असा नियम आम्ही केला. ब्राउझरमध्ये बसवता येणारे, पानातील असे दोष आपोआप शोधणारे अ‍ॅक्स डेव्हटूल्स हे त्यांतील एक आणि विंडोजवर चालणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरील मजकूर अंधांना वाचून दाखवणारा प्रोग्राम, हे दुसरे. दोन्ही वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की अ‍ॅक्समुळे वेळ वाचतो, पण एनव्हीडीएने ऐकल्याशिवाय मराठी पान तपासले असे म्हणता येत नाही.

अ‍ॅक्सची उपयुक्तता रंगांच्या बाबतीत विशेष जाणवते. डब्ल्यूसीएजी या संकेतस्थळांच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या मधल्या पातळीनुसार नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे प्रमाण किमान ४.५:१ असावे लागते. पांढऱ्यावर ७७७७७७ या संकेतांकाचा राखाडी रंग ४.४८ वर अडकतो आणि ७६७६७६ उत्तीर्ण होतो. हा फरक डोळ्यांनी ओळखणे शक्य नाही. लेबल नसलेले रकाने आणि पर्यायी मजकूर (चित्राऐवजी वाचून दाखवायचे वर्णन) नसलेली चित्रेही अ‍ॅक्स क्षणात दाखवते. मात्र देवळाच्या चित्राला ‘फोटो’ एवढाच पर्यायी मजकूर दिला, तरी त्याचे समाधान होते.

एनव्हीडीएची सुरुवात २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकल करन यांनी केली आणि जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले; दोघेही अंध आहेत. हे साधन विनामूल्य आहे. एच दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जाता येते, आणि इन्सर्टसह एफ७ दाबल्यावर पानावरील दुवे व मथळे यांची यादी समोर येते. डोळस माणूस ऐकता ऐकता पडद्याकडे पाहतो आणि न ऐकलेले डोळ्यांनी भरून काढतो, म्हणून मी कंट्रोल, इन्सर्ट आणि एस्केप दाबून पडदा पूर्ण काळा करतो. तेव्हाच पानाची खरी रचना समजते.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पानाच्या सुरुवातीला केलेली भाषेची नोंद. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक एनजी या आवाजात मराठी आणि कोंकणी दोन्ही भाषा आहेत, पण कोणत्या भाषेचे नियम लावायचे हे पान सांगते. आमच्याकडे आलेल्या एका पतसंस्थेच्या जुन्या संकेतस्थळावर तयार साच्यातील इंग्रजीची नोंद तशीच राहिली होती. अशा पानावरील मराठी वाक्ये मराठी वळणाने वाचली जात नाहीत, आणि काही इंग्रजी आवाज तर देवनागरी मजकूर सरळ गाळून पुढे जातात. अ‍ॅक्स यावर गप्प राहते, कारण नोंद आहे आणि ती वैध आहे एवढेच ते पाहते. गोव्यात एकाच पानावर मराठी सूचना, कोंकणी कार्यक्रमपत्रिका आणि इंग्रजी अर्ज असतात, त्यामुळे परिच्छेदनिहाय नोंद करावीच लागते. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामायिक संकेतपद्धती येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या वार्षिक अहवालांच्या पीडीएफ तर रोमन अक्षरांची निरर्थक रांग म्हणून ऐकू येतात. त्या युनिकोडमध्ये नव्याने तयार करण्याशिवाय दुसरा उपाय आम्हाला सापडलेला नाही.

होमस्टेच्या आरक्षणाचे दिनदर्शक हा दुसरा कठीण भाग. दिसायला बटण, पण प्रत्यक्षात साधी चौकट, असे घटक कळफलकावरील टॅब कळीने गाठताच येत नाहीत. तेथे एआरिया गुणधर्मांची (घटक काय आहे हे स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या जादा नोंदींची) ठिगळे लावण्यापेक्षा एचटीएमएलचे मूळ बटण वापरणे केव्हाही उत्तम. चुकीची तारीख दिल्यावर फक्त लाल होणारा रकानाही पुरेसा नाही. त्रुटीचा संदेश आपोआप उच्चारला जाईल अशी व्यवस्था करावी लागते.

एनव्हीडीएच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. वाचन आणि टंकलेखन यांच्या दोन अवस्था नवख्याला गोंधळात टाकतात, ईस्पीकचा आवाज यांत्रिक आहे, आणि ते विंडोजपुरतेच असल्याने मोबाइलवरील तपासणी टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरने वेगळी करावी लागते.

हा खर्च कशासाठी, असे ग्राहक विचारतात. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ चा आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला, हे मी त्यांना सांगतो. शेवटची तपासणी मात्र आम्ही डिचोलीच्या एका अंध शिक्षकांकडून मानधन देऊन करून घेतो. आम्हाला एक शब्दही कळणार नाही इतक्या वेगाने ते ऐकतात. दोन्ही साधनांतून निर्दोष ठरलेल्या पानावर शाखेचा दूरध्वनी क्रमांक लांबलचक मजकुराच्या तळाशी, कोणत्याही मथळ्याविना पडलेला होता, हे त्यांनीच दाखवले. आता प्रत्येक पानावर ‘संपर्क’ असा स्वतंत्र मथळा असतो.