लो बी साठी ३५ इंची बास घ्यावा, का आहे त्या ३४ वरच तार बदलावी?

मागच्या महिन्यात नांदेड-परभणीकडच्या दोन-तीन पोरांनी एकच गोष्ट विचारली, की दादा पाच तारांचा बास गिटार घेतला पण बी ची, म्हणजे सगळ्यात जाड आणि खालच्या सुराची, तार नुसती घुमायलीय, सूरच कळंना, तर हा विकून ३५ इंची घेऊ का. नीट बसून लिहायलोय, कारण आपल्याकडं ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याचा पैसा लग्नसराईत रात्र रात्र जागून आलेला असतो, तो उगी जाऊ नये.

आधी ही तार एवढी त्रास का देते ते बघा. मोकळी ई, म्हणजे चार तारांच्या बासची सगळ्यात खालची तार, ४१.२ हर्ट्झची, बी ३०.८७ ची. सूर एवढा खाली गेला पण वाजणाऱ्या तारेची लांबी, म्हणजे नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू), तीच ३४ इंच, जी लिओ फेंडरनं १९५१ ला प्रिसिजन बासला चार तारांसाठी ठेवली होती. मग एकतर तार ढिली पडते आणि फ्रेटला (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना) आपटते, नाहीतर जाड करावी लागते, आणि जाड केली की ती सळईसारखी ताठ होते, तिचे वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे उपसूर, मूळ सुराला धरून राहत नाहीत, आवाज मातकट येतो.

३५ इंचीचा खरा फायदा इथं आहे. तीच तार, तोच सूर, पण ताण ६ टक्क्यांनी वाढतो, आणि तार जाड न करता वाढतो, त्यामुळं सूर मोकळा आणि स्वच्छ येतो. लॅकलंड ५५-०२ सारखे बास त्याच हिशेबानं केलेत. पण ताण काय एकट्या बी चा वाढत नाही, जी ची तार पण ताणली जाते आणि काही बासवर ती किरकिरी वाटते. हाताचं म्हणाल तर पहिल्या फ्रेटची जागा जेमतेम दीड मिलिमीटरनं रुंद होते, ते बोटाला जाणवत पण नाही, जाणवतं ते डाव्या हाताला, चार तास उभं राहून वाजवताना तो लांब जातो आणि खांदा धरतो.

आता ३४. इथं ढोबळ हिशेब सांगतो. १३० ची (जाडी इंचाच्या हजारांशात, म्हणजे ०.१३० इंच) काढून १३५ ची तार टाकली तर ताण ८ टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे एका तारेनं त्या जादा इंचापेक्षा जास्त दिलं. ताठपणा वाढतो हे खरं, म्हणून जमलं तर टेपर तार घ्या, तिची जाडी सॅडलजवळ कमी केलेली असते, तिथं ती नीट वाकते आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) पण लवकर जुळतं. फक्त जाड तार नटच्या खाचेत बसत नसंल तर खाच कारागिराकडूनच रुंद करून घ्या, घरी कानस मारू नका. आणि म्युझिक मॅन स्टिंगरे ५ बघा की, १९८७ पासून ३४ इंचीच आहे आणि त्याच्या बी ला लोक नावाजतात. नेक (मान) किती पक्की, ब्रिजवर तार कशी बसलीय, यावर लै अवलंबून असतं.

माझ्याच बासवर हे घडलं. दुकानात तार चढवून देणाऱ्यानं ती खुंटीला काटकोनात न वाकवता सरळ कापली, वेढे आतून सैल पडले, तार पहिल्या दिवसापासून मेलेली. वर्षभर मी बासलाच दोष देत होतो. नवी तार आणली, आधी वाकवली मग कापली, खुंटीवर वेढे खालच्या बाजूला उतरत नेले म्हणजे नटवर दाब येतो, आणि मग सॅडलच्या अगदी पुढं अंगठ्यानं तार खाली दाबली. दाबल्या दाबल्या ट्युनरचा काटा खाली आला, म्हणजे तिथं तार कमानीसारखी उचललेली होती ती बसली. परत सुरात घेतली तर आवाजाला धार आली. पिकअप, म्हणजे तारेखालचा आवाज उचलणारा चुंबकाचा भाग, पण बी च्या बाजूला थोडा खाली केला, जवळ असला की चुंबक तार ओढतो आणि सूर डोलतो. आपल्याकडं मे मधल्या कोरड्या उन्हात आणि पुन्हा पावसाळ्यात नेक हलते, तेव्हा ट्रस रॉड (नेकच्या आतली तिचा बाक ठरवणारी सळई) दोनदा तपासायचाच.

एक अजून. बासच्या बऱ्याच स्पीकरमधून ३१ हर्ट्झ जोरात निघतच नाही, आपण ऐकतो ते मुख्यतः त्याच्या दुप्पट, ६२ च्या आसपासचं. तेव्हा बेस वाढवत बसू नका, ३०-३५ च्या खालचं हाय-पास फिल्टरनं काढा आणि उजवा हात ब्रिजकडं सरकवून हलकं वाजवा.

तर माझं मत असं, बी पर्यंतच वाजवायचं असंल तर ३४ ठेवा, तार आणि सेटअपवर खर्च करा. ए पर्यंत उतरवणार असाल, किंवा तसाही नवा बास घेणारच असाल, तर ३५ बघा. डिंगवॉलसारखा तिरप्या फ्रेटचा, बी ला ३७ आणि जी ला ३४ इंच, हा सगळ्यात पक्का उपाय आहे पण किंमत तशीच.

घ्यायला जाल तेव्हा मोकळी ई वाजवा आणि लगेच बी च्या पाचव्या फ्रेटवरची ई वाजवा. दोन्ही एकाच बासच्या वाटल्या तर घ्या, दुसरी उशीत तोंड घालून बोलल्यासारखी आली तर त्याच बासवर नवी तार टाकून दाखवायला सांगा, आणि मगच पैसे काढा.