पावतीवरच छापलं होतं: १८ टक्के जीएसटी

पुण्यातलं नावाजलेलं कॉलेज, तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, भिंतीवर कॉलेजचंच बोधचिन्ह. ‘दृक्-श्राव्य संवाद, एक वर्षाचा सर्टिफिकेट कोर्स’. अशा ठिकाणी कोण विचारतं हो, की कोर्स नक्की कॉलेजचाच ना? तुम्हीही विचारलं नसतं.

कॉलेजने नुसते वर्ग भाड्याने दिले होते. कोर्स एका खासगी अकादमीचा. फी १,२०,०००, वर जीएसटी २१,६००, एकूण १,४१,६००. शिवाय ‘इक्विपमेंट डिपॉझिट’ १५,००० रोख, बिनपावती. रोख मागितले की तिथूनच उठा.

तो २१,६०० चा आकडा आठवला की अजून डोकं फिरतं. पावती हातात होती, बेरीजसुद्धा तपासली! कायद्याने मान्य पदवी-पदविकेच्या शिक्षणावर जीएसटी नसतो, खासगी क्लासला तो लागतो. म्हणजे आपण क्लास आहोत हे त्यांनीच लिहून दिलं होतं. पण काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, “टॅक्स भरतोय म्हणजे सगळं व्हाइटमध्ये!” बाबांनीही मान डोलावली, आणि ते बँकेतून रिटायर झालेत.

पुढचं नेहमीचंच. बेचाळीस मुलांत दोन डीएसएलआर, अंड्यांचे ट्रे चिकटवलेला साउंड स्टुडिओ, एडिटिंगला क्रॅक सॉफ्टवेअर. इंटर्नशिप म्हणजे लग्नात फुकट गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) धरणं. चौथ्या महिन्यात सोडलं, पण हप्ते सुटेनात. ‘फी हप्त्याने भरा’ म्हणून टॅबवर सही घेतली ते फायनान्स कंपनीचं कर्ज होतं: ११,८०० चे बारा हप्ते. अकादमीला पैसे केव्हाच पोचले. थकवलं तर सिबिल माझं बिघडणार.

पोलीस म्हणाले, “वर्ग भरत होते ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला.” प्राचार्यांचा ‘काही संबंध नाही’. मग भिंतीवरचं बोधचिन्ह काय उंदरांनी लावलं? विद्यापीठात तर कहर: असा कोर्स आमच्या यादीत नाही, म्हणून तक्रार घेता येत नाही! अहो, तीच तर तक्रार आहे. तसं लेखी द्या म्हटलं, तर माहिती अधिकारात अर्ज टाका. (ती यादी प्रवेशाआधी बघा, कॉलेजचं नाव नव्हे, कोर्सचं.) १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, अकादमीने ‘शंकानिरसन केले’ असं कळवलं आणि तक्रार बंद.

आता प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगात आहे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, पण दोन वर्षांच्या आत जा. अकादमीचा वकील म्हणतो, “आम्ही शिक्षणसंस्था, शिक्षण ही ग्राहकसेवा नाही.” मग १८ टक्के कशाचे घेतलेत? आमच्या बॅचच्या कुणाकडे ती पावती असेल तर आजच झेरॉक्स काढा, तो कागद थर्मल आहे, शाई उडते.