मोगरा लावू की प्राजक्त?
बहिणीला घरापुढे एकच सुवासिक झाड लावायचंय आणि ती दोन आठवडे यातच अडकलीये, म्हणून लिहितेय. नर्सरीवाले "बारमाही फुलं" सांगतात ते सोडून द्या.

जागा बघा आधी. मोगरा १२ इंची कुंडीत मजेत राहतो, प्राजक्त मात्र जमिनीतच, कारण छाटलं नाही तर तो सहज १०-१२ फूट जातो आणि कुंडीत नुसता कुढतो. ऊन दोघांनाही ५-६ तास तरी हवंच.

मेहनत मोगऱ्याला जास्त. जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी, शेणखत, मग उन्हाळाभर रोज पाणी, आळस केलात की नुसती पानं. प्राजक्त एकदा रुजला की फारसं मागत नाही, पण पावसाळ्यात सुरवंट येतात आणि सकाळी अंगण झाडावंच लागतं (मला तो केशरी देठांचा सडा झाडवत नाही, ती गोष्ट वेगळी).

गजरा, देवाची फुलं, बाल्कनी असेल तर मोगरा. अंगण असेल, श्रावणानंतर दिवाळीपर्यंत रात्री खिडकीतून वास हवा असेल आणि फुलं सकाळी गळून लवकर कोमेजली तरी चालत असेल तर प्राजक्त. बहिणीकडे अंगण आहे, वेळ नाही, तेव्हा तिला प्राजक्तच.