डीडीयू: चतुर्थीपासून जूनपर्यंत वापरून पाहिल्यावर

डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) विंडोजमधून मुळासकट उपटणारा प्रोग्राम. तो फुकट आहे. मला ते आवडायला सुरुवातीला एवढं पुरलं.

गेल्या चतुर्थीच्या तोंडावर ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर अपडेट होत होता आणि फोंड्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. लाईट आली तेव्हा स्क्रीनवरची अक्षरं भलीमोठी, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर', आणि आमच्या घुमट आरतीचा (घुमट हे वाद्य वाजवून म्हटलेल्या आरतीचा) व्हिडिओ एडिटरमध्ये उघडेना. नवा ड्रायव्हर चढेना, जुना निघेना. बाजारातल्या एका दुकानदाराने मशीन न बघता फोनवरच निकाल दिला, "बाब, फॉरमॅट मारूंक जाय." वर डेटाची जबाबदारी आपली नाही म्हणे. फॉरमॅटचा आकडा ऐकून मी फोन ठेवला.

डीडीयू भाच्याने सुचवलं. रीत अशी, की विंडोज सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर, सुरू करून डीडीयू चालवायचं. त्याआधीच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. ड्रायव्हरचा सेटअप आधी उतरवून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा आणि नेटची वायर उपटा. नाहीतर जुना ड्रायव्हर निघाला रे निघाला की विंडोज अपडेट स्वतःजवळचा एखादा परस्पर बसवायला घेतं. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, पासवर्ड पाठ हवा. ड्राइव्हला कुलूप घालणारं बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, कॉम्प्युटरमध्ये नव्हे! मग 'क्लीन अँड रीस्टार्ट'. जुन्या ड्रायव्हरच्या फायली आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या) नोंदी खरवडून काढून मशीन परत चालू झालं, सेटअप एका दमात बसला. आरती वेळेवर ग्रुपवर गेली.

आता माझं भांडण. डीडीयू एक सेटिंग बदलतं, ज्यामुळे विंडोज नव्या उपकरणांचे ड्रायव्हर आपोआप उतरवत नाही. हे ते सांगतं, खोटं कशाला बोलू. नवा ड्रायव्हर बसल्यावर हवं तर सेटिंग पूर्ववत करा, अशी एक चौकट येते. पण अडलेल्या माणसाचं लक्ष तेव्हा स्क्रीन नीट होते का याकडे असतं, चौकट कोण वाचतो? दिवाळीनंतर प्रिंटर घेतला, तो काही केल्या ओळखेना. प्रिंटरवाला घरी आला, खटपट केली, व्हिजिट चार्ज घेऊन गेला, प्रिंटर तसाच. शेवटी डीडीयू उघडून ते सेटिंग मूळ जागी आणलं आणि प्रिंटर चहा होईपर्यंत सुरू. काम झाल्यावर सेटिंग पूर्ववत करायचं बटण पुन्हा डोळ्यांसमोर का आणत नाहीत? फॉरमॅटचे वाचवलेले पैसे व्हिजिट चार्जमध्ये गेले, सगळे नव्हेत, पण गेले.

इथवरचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं. पुढे 'स्क्रीन काळी झाली की डीडीयू मारा' असं एक ठाम वाक्य होतं, ते खोडतोय. जूनचा पाऊस धरला आणि स्क्रीन मधूनच काळी व्हायला लागली. डीडीयू चालवलं, ड्रायव्हर नवा घातला, जुना घातला, फरक शून्य. भिंतींना ओल, कपड्यांना वास, अशा हवेत कार्ड तरी कसं कोरडं राहणार. मशीन बंद करून प्लग काढला, कार्ड स्लॉटमधून बाहेर घेतलं. खालच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर बसला होता. मुलीच्या कंपासमधल्या खोडरबराने हलक्या हाताने पट्ट्या घासल्या, भुकटी ब्रशने झटकली, कार्ड परत दाबून बसवलं. तेव्हापासून स्क्रीन एकदाही काळी झालेली नाही.

साध्या अपडेटला हल्ली डीडीयू काढतच नाही. एनव्हिडियाच्या सेटअपमध्ये 'कस्टम'मध्ये 'क्लीन इन्स्टॉलेशन'ची खूण असते, एएमडीवाल्यांच्या सेटअपमध्ये 'फॅक्टरी रीसेट'. ड्रायव्हर अर्धवट बसून अडला असेल तरच डीडीयू. पाचपैकी चार तारे. पाचवा प्रिंटरवाल्याच्या पावतीला टाचून ठेवलाय.