वायर सेन्सरची तुटली, बिल कॅटचं फाडलं

नाशिकच्या द्वारका ते आडगाव पट्ट्यात गॅरेज शोधत असाल आणि गाडी बीएस-६ सीएनजी पिकअप असेल, तर हे वाचाच.

आमची गाडी पिंपळगावहून वाशीला टोमॅटो नेते. ॲव्हरेज पडलं, सकाळी सुरू केली की उग्र वास यायचा आणि इंजिनचा दिवा पेटलेला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, स्क्रीन स्वतःकडे धरली आणि म्हणाला, "शेठ, कॅट चोक झालाय. परतीला कसारा घाटात गाडी ओढणारच नाही." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा. तो बदलायचे २८,००० रुपये घेतले. दिवा विझला.

पण आवाज वाढला, आणि पीयूसीला गाडी नापास! अंबडच्या एका मिस्त्रीने ती रॅम्पवर घेतली. कॅटच्या डब्याला ताजं वेल्डिंग. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती गायब, नुसता पोकळ डबा. धुरातला ऑक्सिजन मोजणारे दोन सेन्सर असतात, एक कॅटच्या पुढे, एक मागे. मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली बोटाच्या पेराएवढा स्पेसर (पोकळ नळीचा तुकडा) घातलेला. पुढच्या सेन्सरची वायर सायलेन्सरला चिकटून वितळली होती, ती काळ्या टेपने जोडलेली.

गॅरेजवाला फोनवर बोलत असताना आमच्या ड्रायव्हरने स्कॅनरचा फोटो काढून ठेवला होता (पोरगा हुशार). त्यावर कोड होता पी ०१३५, म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. हा सेन्सर साधारण ३०० अंशांच्या पुढे तापल्याशिवाय नीट काम करत नाही. हीटर बंद असला की धुराने तापेपर्यंत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) अंदाजाने इंधन सोडतो, गरजेपेक्षा जास्तच. वास आणि ॲव्हरेज, दोन्ही त्यातूनच. कॅटची तक्रार असती तर सहसा पी ०४२० येतो. म्हणजे दिवा विझवला तो टेपने!

मग जुना कॅट काढला कशाला? त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारात चांगला भाव येतो. मागचा सेन्सर कॅटवर पहारा ठेवतो. स्पेसर लावून त्याला धुराच्या झोतातून बाहेर ओढलं की तो गप्प बसतो.

कॅट खरंच चोक असेल तर गाडी सुरू होते, आयडलला बरी चालते, पण रेस दिली की गुदमरते. पुढचा सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावला की कळतं. हे न करता कुणी कॅट बदला म्हणालं तर गाडी तिथून काढा. कोड स्वतः बघा, कॅटवरच्या नंबरचा आधीच फोटो काढा, जुना पार्ट परत मागा.

आम्ही मागायला गेलो तर "तो भंगारात गेला, शेठ," एवढंच उत्तर. हातात कच्ची पावती, त्यावर "सायलेन्सर काम". १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे. तिथेही आधी पक्कं बिलच मागितलं.